पेंग आली तर गाडी कुठे, कशी आणि किती वेळ थांबवायची

गोव्यात दुपारी एक-दीडला दुकानांची शटरं खाली येतात ती चारच्या सुमाराला उघडतात. शीत-कढी जेवून माणूस थोडा आडवा होतो. बाहेरचे लोक याला सुशेगादपणा, म्हणजे आरामशीर आळस म्हणतात, पण शरीराचं घड्याळच तसं चालतं. दुपारी साधारण दोन ते चार आणि पहाटे दोन ते सहा या वेळांत मेंदूची जाग उतरते. पोटभर जेवल्यानं पेंग वाढते, पण उपाशी राहिलात तरी ती चुकत नाही. लांबच्या प्रवासाचं वेळापत्रक आखताना या दोन वेळा आधी कागदावर लिहून ठेवा आणि बाकीचं सगळं त्यांच्याभोवती बसवा.

चालकाचा डोळा लागतो तो बहुतेकदा काही सेकंदच. ताशी 80 किलोमीटर वेगात गाडी एका सेकंदात 22 मीटर जाते, म्हणजे चार सेकंदांच्या डुलकीत जवळजवळ 90 मीटर. तेवढं अंतर गाडी कुणीच चालवत नसतं. दारू प्यालेला माणूस उशिरा का होईना ब्रेक दाबतो, झोपलेला दाबतच नाही. म्हणून असे अपघात पूर्ण वेगात होतात आणि रस्त्यावर टायर घासल्याची खूणही अनेकदा नसते. चोर्ला घाटात वेग 30 असला तरी दोन सेकंदांत 16 मीटर जातात, आणि तिथलं वळण त्याआधीच आलेलं असतं.

सलग 17 तास जागा असलेला माणूस साधारण तितकाच मंदावतो, जितका रक्तात 0.05 टक्के मद्यार्क असलेला. आपल्या कायद्याची मर्यादा 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅम, म्हणजे 0.03 टक्के आहे. सकाळी सहाला उठून, दिवसभर काम करून रात्री अकराला मडगावहून निघणारा माणूस थेंबही न पिता त्या मर्यादेपलीकडे गेलेला असतो. 24 तास जागरण झालं तर तुलना 0.10 टक्क्यांशी होते. नाक्यावर पोलीस फुंकायला लावतात त्या यंत्रात यातलं काहीच दिसत नाही, त्यामुळे हा हिशेब स्वतःच करावा लागतो.

निघण्याआधी

आदल्या रात्री सात-आठ तास झोप हवी. ती झाली नसेल तर निघण्याची वेळ पुढे ढकला. ऑफिस सुटल्यावर रात्री नऊला पणजीहून मुंबईला निघालात आणि ताशी सरासरी 50 किलोमीटर पडले, तर पहाटे तीन ते पाचच्या दरम्यान तुम्ही चिपळूण-खेड-कशेडीच्या टापूत असता: घाटाचा रस्ता, उतरलेली जाग, आणि पाठीशी वीस-बावीस तासांचं जागरण. त्यापेक्षा रात्री झोपून पहाटे पाच-साडेपाचला निघालेलं बरं. गणेश चवथीला घरी लवकर पोहोचण्याची घाई सगळ्यांनाच असते, पण घाईत कापली जाते ती झोपच.

दर दोन तासांनी किंवा दीडशे किलोमीटरवर पंधरा मिनिटं थांबा. दुसरा चालक बरोबर असेल तर पाळी दोन तासांची ठेवा, आणि ज्याची पाळी नाही त्यानं मागच्या सीटवर पट्टा लावून खरोखर झोपावं. पुढं बसलेल्यानं मात्र झोपू नये. त्याचं काम चालकाशी बोलणं आणि त्याच्या पापण्यांवर लक्ष ठेवणं.

औषधांकडे फारच कमी लोक बघतात. सर्दीच्या गोळ्यांतलं क्लोरफेनिरामिन, अ‍ॅलर्जीवरचं सेटिरिझिन, घाटात ओकारी होऊ नये म्हणून घेतात ते प्रोमेथाझिन, या सगळ्यांनी झोप येते. घाटाची गोळी प्रवाशांनी घ्यावी, चालकानं नाही. रोजचं औषध असेल तर मनानं बंद करू नका, झोप न आणणारा पर्याय आहे का ते डॉक्टरांना विचारा. रात्री मोठ्यानं घोरत असाल आणि पुरेशी झोप होऊनही दिवसा पेंग येत असेल, तर झोपेत श्वास अडकण्याची तपासणी करून घ्या. त्यावर इलाज आहे.

खुणा

जांभया लागोपाठ येतात. डोळे चुरचुरतात, पापण्या उघडायला वेळ लागतो. काही कारण नसताना वेग कमी-जास्त होतो, चाक पांढऱ्या पट्टीवर जातं. धारगळसारखं वाटेवरचं गाव केव्हा मागे पडलं ते आठवत नाही, किंवा वळायचं ते वळण सुटतं. यातली एक खूण दिसली की पुढच्या सुरक्षित जागी थांबायचं. मान खाली जाऊन झटक्यानं वर आली, तर तुम्ही झोपून उठलेले आहात. मग ‘घर आता दहाच किलोमीटर’ हा विचार सोडून द्या, वेग उतरवा, इंडिकेटर देऊन पहिली मिळेल ती मोकळी जागा धरा.

काच उघडणं, एसी गार करणं, गाणी मोठ्यानं लावणं, तोंडावर पाणी मारणं, तंबाखू चघळणं, यांनी फार तर काही मिनिटं तरतरी वाटते. जागेपणी मेंदूत अ‍ॅडेनोसिन नावाचं द्रव्य साठत जातं आणि झोपेचा दाब वाढतो. ते उतरतं फक्त झोपेत. कॉफी त्याचा परिणाम तेवढ्यापुरता अडवते, साठा तसाच राहतो. एक गोष्ट मात्र करा: चारजण गाडीत असताना हवा आतल्या आत फिरवण्याचं बटण तासन्‌तास चालू ठेवू नका. श्वासाचा कार्बन डायऑक्साइड आत साठतो आणि जडपणा वाढतो. अधूनमधून बाहेरची हवा आत घ्या.

वीस मिनिटांची झोप

जागा उजेडाची आणि वर्दळीची हवी: पेट्रोल पंप, बसस्टँड, चालू असलेलं हॉटेल. हायवेच्या कडेला, पुलावर किंवा उड्डाणपुलाच्या उतारावर नको, कारण मागून येणाऱ्यालाही पेंग आलेली असू शकते. सावली बघून माडाखाली गाडी लावू नका, नारळ पडतो तो काच फोडूनच.

आधी कॉफी प्या, दोन कप, फार साखर न घालता. कॉफीचा असर व्हायला वीस ते तीस मिनिटं लागतात, तोवर झोप होते. हँडब्रेक ओढा, इंजिन पूर्ण बंद करा, दारं लॉक करा, काचा दोन बोटं खाली ठेवा. चालकाच्या सीटवर न झोपता बाजूच्या सीटवर झोपा, म्हणजे झोपेत पाय पेडलवर पडत नाही. गजर वीस मिनिटांचा लावा, डोळा लागायला पाच मिनिटं धरली तर पंचवीसचा. त्याहून जास्त झोपलात तर गाढ झोप लागते आणि उठल्यावर डोकं बधिर राहतं. उठल्यावर खाली उतरा, दहा-पंधरा मिनिटं चाला, मगच चावी फिरवा. ही झोप तास-दोन तास निभावते, रात्रभर नाही. पेंग परत आली तर त्या दिवसाचा प्रवास तिथंच थांबवून खोली घ्या.

इंजिन-एसी चालू ठेवून, काचा लावून गाडीत झोपणं जिवावर बेतू शकतं. सायलेन्सरचा पाइप कुठं गळत असेल किंवा पावसाळ्यात चिखलानं बुजला असेल, तर कार्बन मोनॉक्साइड आत येतो. त्याला वास नाही, रंग नाही. डासांसाठी गाडीत कॉइलही पेटवू नका. काचेवर घट्ट बसणारी जाळी मिळते, ती डिकीत ठेवा. मे महिन्यात दुपारी बंद गाडी मिनिटांत तापते, तेव्हा झोप झाडाच्या सावलीत गाडीबाहेर घ्या.

गोव्यातल्या नेहमीच्या वेळा

मोपाला पहाटेच्या विमानाला कुणाला सोडायचं असेल तर जाताना गप्पा असतात, घाई असते, म्हणून जाग राहते. धोका परतीत आहे. काणकोणचा माणूस शंभरेक किलोमीटर एकटा, उजाडता उजाडता परत येतो. निघायच्या आधी विमानतळाच्या पार्किंगमध्येच वर सांगितली तशी झोप घ्या, पार्किंगचे पैसे भरून. देवळातल्या जत्रेला रात्रभर दशावतारी नाटक बघितलं, किंवा बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलात पेशंटजवळ रात्र काढली, तरी हाच नियम.

वेर्णे, कुंडईच्या कारखान्यांतून किंवा पणजीच्या कॅसिनोंतून रात्रपाळी करून स्कूटरनं घरी जाणाऱ्यांना डुलकी घेण्याची सोयच नसते, हँडल सुटलं की माणूस रस्त्यावर. कंपनीची बस असेल तर तीच धरा. नसेल तर पाळी संपल्यावर विश्रांतीच्या खोलीत वीस मिनिटं पडा आणि मग निघा. हेल्मेटची काच उघडी टाकून वाऱ्यावर भिस्त ठेवू नका.

टॅक्सी-बसच्या चालकांसाठी 1961 चा मोटार परिवहन कामगार कायदा होता, 2025 मध्ये त्याची जागा नव्या कामगार संहितेनं घेतली. त्या जुन्या कायद्याचं माप धरा: दिवसाला आठ तास काम, आणि सलग पाच तासांनंतर निदान अर्धा तास विश्रांती. गाडी ठरवताना भाड्याबरोबर ड्रायव्हर काल किती वाजता घरी गेला आणि रात्री कुठे झोपणार हेही विचारा. हॉटेलच्या पार्किंगमध्ये सीटवर रात्र काढलेल्या माणसाकडून पहाटे चारला अनमोड घाट चढवून घेऊ नका. त्याला खोली देता येत नसेल तर निदान निघायची वेळ सातवर न्या.