जुन्या अँड्रॉइड फोनवर घराचं ऑटोमेशन आणि अलार्म कसा चालवायचा

जुना अँड्रॉइड फोन भिंतीवर लावून त्यावर दिव्यांची बटणं दाखवायची, ही कल्पना नवी नाही. पण पडदा हा त्या फोनचा सगळ्यात कमी कामाचा भाग आहे. त्यात बॅटरी आहे, म्हणजे वीज गेली तरी तो चालू राहतो. त्यात सिमकार्ड आहे, म्हणजे इंटरनेट बंद पडलं तरी एसएमएस जातो. रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाला या दोन्ही गोष्टी वेगळ्या विकत घेऊन जोडाव्या लागतात.

अडचण वेगळीच आहे. फोन झोपण्यासाठी बनवलेला असतो आणि अलार्मला चोवीस तास जागं राहावं लागतं. सायरन वाजवणं हे सोपं काम आहे. यंत्रणा गुपचूप बंद पडली तर ते आपल्याला कळायला हवं, हे अवघड. खालचे निम्मे टप्पे त्यासाठीच आहेत.

१. फोन निवडणं

टर्मक्स नावाचं, फोनवर लिनक्ससारख्या आज्ञा चालवू देणारं अ‍ॅप वापरायचं आहे, त्याला अँड्रॉइड ७ किंवा पुढची आवृत्ती लागते. दोन जीबी रॅम पुरते. इथे नवा फोन चांगला असं नाही, उलट ८ ते ११ या आवृत्त्या जास्त सोयीच्या. अँड्रॉइड १२ पासून पार्श्वभूमीत चालणाऱ्या उपप्रक्रियांवर सगळ्या अ‍ॅप्सची मिळून ३२ ची मर्यादा आली, आणि ती ओलांडली की सिस्टिम न विचारता प्रक्रिया मारते. १४ मध्ये डेव्हलपर ऑप्शन्समधून हे बंद करता येतं. १२ आणि १३ मध्ये सहसा संगणक जोडून एडीबी या आज्ञा देण्याच्या साधनाने करावं लागतं.

फोन सपाट टेबलावर ठेवून पाहा. मागचं झाकण उचललेलं किंवा पडदा कडेने सुटलेला दिसला तर बॅटरी फुगली आहे. तो फोन या कामाला नको. मग सिम घालून एक एसएमएस पाठवून पाहा. जिथे टूजी-थ्रीजी बंद झालं आहे तिथे व्होल्टे (फोरजीवरूनच कॉल करण्याची सोय) नसलेल्या जुन्या फोनवरून एसएमएस जाईलच असं नाही. हे पुढची सगळी मेहनत करण्याआधी कळलेलं बरं.

२. फोन रिकामा करा, कुलूप काढा

फॅक्टरी रीसेट करा आणि आपलं नेहमीचं गूगल खातं त्यावर घालू नका. कारण पुढची पायरी विचित्र वाटेल: स्क्रीन लॉक पूर्ण बंद करायचा आणि सिमचा पिनही काढायचा. पिन असलेला फोन रीस्टार्ट झाला की कोणीतरी तो पहिल्यांदा उघडेपर्यंत बहुतेक अ‍ॅप्स सुरूच होत नाहीत. तुम्ही गावाला आणि फोन पिनची वाट बघत भिंतीवर, असा प्रकार होतो. कुलूप नसलेल्या फोनमध्ये फोटो, मेल, बँकेचं काही असता कामा नये, म्हणून रीसेट आधी.

३. जागं ठेवणं

अँड्रॉइड ६ मध्ये, २०१५ साली, डोझ आला. फोन हलला नाही, चार्जिंगला नसला आणि पडदा बंद असला की तो अ‍ॅप्सचं नेटवर्क तोडतो. भिंतीवरचा फोन कधीच हलत नाही, त्यामुळे तो पहिला बळी. बॅटरीच्या सेटिंगमध्ये जाऊन टर्मक्स आणि त्याच्या जोड-अ‍ॅप्सना 'अनरिस्ट्रिक्टेड' करा. टर्मक्सच्या नोटिफिकेशनमध्ये वेकलॉक (फोनला झोपू न देण्याची सोय) घेण्याचं बटण असतं, तेही दाबा. काही कंपन्या यावर आपली स्वतःची बॅटरी बचत चढवतात. तिथे 'ऑटो-स्टार्ट' किंवा 'पार्श्वभूमीत चालू द्या' असले पर्याय शोधून सुरू करावे लागतात.

४. नेटवर्क

राउटरमध्ये फोनसाठी कायमचा आयपी पत्ता राखून ठेवा. अँड्रॉइड १० पासून फोन प्रत्येक वायफायसाठी खोटा मॅक पत्ता (राउटरला दिसणारी उपकरणाची ओळख) वापरतो, म्हणून आधी त्या वायफायच्या सेटिंगमध्ये 'डिव्हाइस मॅक' निवडा. राउटरचा २.४ गिगाहर्ट्झ पट्टा चालू हवा, कारण सेन्सरच्या बोर्डवरच्या ईएसपी८२६६ सारख्या स्वस्त वायफाय चिपना दुसरा कळत नाही. राउटर, सेन्सरचा बोर्ड आणि सायरन हे तिन्ही बॅटरी बॅकअपवर घ्या. नाहीतर वीज गेल्यावर एकटा फोन जागा राहील आणि त्याच्याशी बोलायला कोणीच नसेल.

५. सॉफ्टवेअर

टर्मक्स, टर्मक्स-बूट आणि टर्मक्स-एपीआय ही तिन्ही अ‍ॅप्स एफ-ड्रॉइड या मुक्त अ‍ॅप्सच्या भांडारावरून घ्या. एक तिथून आणि एक दुसरीकडून घेतलं तर सह्या जुळत नाहीत आणि ती एकमेकांशी बोलत नाहीत. टर्मक्स-एपीआय अ‍ॅपसोबत टर्मक्सच्या आत त्याच नावाचं पॅकेजही बसवावं लागतं, हे बऱ्याच जणांचं राहून जातं.

टर्मक्स उघडून पॅकेजेस अद्ययावत करा आणि नोडजेएस व मॉस्किटो बसवा. नोड-रेड त्यानंतर एनपीएममार्फत, म्हणजे नोडजेएसच्या पॅकेज बसवणाऱ्या साधनामार्फत, येतं. मॉस्किटो हा निरोप्या आहे: सगळी उपकरणं एमक्यूटीटी या भाषेत त्याला निरोप देतात आणि तो ज्याचा त्याला पोचवतो. निर्णय नोड-रेड घेतं. त्याचं संपादनाचं पान ब्राउझरमध्ये फोनच्या पत्त्यावर १८८० पोर्टवर उघडतं, त्यामुळे बाकीचं काम मोठ्या पडद्यावर बसून करता येतं.

इथे दोन अटी आहेत. मॉस्किटोच्या दुसऱ्या आवृत्तीपासून तो आपण होऊन फक्त स्वतःच्याच उपकरणाचं ऐकतो. कॉन्फिग फाइलमध्ये १८८३ पोर्टवर ऐकण्याची ओळ आणि पासवर्डची फाइल दोन्ही द्यावी लागतात. नोड-रेड याच्या नेमकं उलट, ते सुरुवातीला बिनपासवर्डचं असतं. वायफायवर आलेला कोणीही पाहुणा अलार्म बंद करू शकेल, म्हणून सेटिंग्जच्या फाइलमध्ये लॉगिन घालायला विसरू नका.

शेवटी टर्मक्स-बूट एकदा हाताने उघडा. तोपर्यंत ते काम सुरू करत नाही. त्याच्या बूट फोल्डरमध्ये छोटी स्क्रिप्ट ठेवा: वेकलॉक घे, मॉस्किटो सुरू कर, नोड-रेड सुरू कर. फोन रीस्टार्ट करून सगळं आपोआप उठतंय ना ते पाहूनच पुढे जा.

होम असिस्टंट हे घराच्या ऑटोमेशनचं सॉफ्टवेअर फोनवरच का नाही, असा प्रश्न येईल. टर्मक्समध्ये ते ओढूनताणून बसवता येतं, पण अपडेटनंतर मोडतं. ते आधीच दुसऱ्या यंत्रावर चालत असेल तर तिथेच राहू द्या आणि फोनला फक्त पडदा व एसएमएसचं काम द्या.

६. उपकरणं

घरातल्या घरात बोलणारीच उपकरणं घ्या: टासमोटा (अशा उपकरणांत भरायचं खुलं सॉफ्टवेअर) चढवलेले प्लग, शेली कंपनीचे रिले (निरोपावर चालणारे स्विच) किंवा ईएसपीचे बोर्ड. ज्याचा निरोप आधी कंपनीच्या सर्व्हरवर जाऊन परत येतो, ते दिव्याला चालेल, अलार्मला नाही. झिगबी या बिनतारी पद्धतीचा यूएसबी डोंगल थेट फोनला जोडायचा विचार असेल तर सोडून द्या. रूट न केलेला, म्हणजे पूर्ण अधिकार न उघडलेला, अँड्रॉइड त्याचं सिरियल पोर्ट टर्मक्सला सहजी देत नाही. नेटवर्कवर बसणारा झिगबी गेटवे चालतो. घरातल्या वीजवाहिनीत रिले बसवण्याचं काम मात्र वायरमनकडूनच करून घ्या.

दाराच्या सेन्सरवर जरा रेंगाळू या, कारण अलार्मचा भरवसा इथे ठरतो. चुंबकाचा साधा रीड स्विच घ्या आणि मल्टिमीटरने तपासा: चुंबक जवळ असताना बीप वाजला पाहिजे. पाकिटावर 'नॉर्मली ओपन' लिहिलंय की 'क्लोज्ड' यावर जाऊ नका, ते लिहिण्याच्या पद्धती दोन आहेत. एक तार ग्राउंडला, दुसरी ईएसपी८२६६ च्या पिनला, आणि पिनचा आतला पुल-अप (सुटलेली पिन वर खेचून ठेवणारा रोधक) चालू. दार बंद असताना पिन ग्राउंडला टेकलेली, दार उघडलं की सुटलेली. गंमत अशी की कोणी तार कापली तरी पिन सुटतेच, म्हणजे तार कापणं आणि दार उघडणं यंत्रणेला एकच दिसतं.

पिन मात्र विचारपूर्वक निवडा. जीपीआयओ ०, २ आणि १५ या पिना बोर्ड सुरू होताना कोणत्या स्थितीत आहेत, त्यावरून चिप कसं सुरू व्हायचं ते ठरवते. शून्य क्रमांकाची पिन ग्राउंडला असेल तर ती प्रोग्रॅम भरून घेण्याच्या तयारीत थांबते. दाराचा स्विच त्या पिनवर लावला तर सगळं व्यवस्थित चालेल, आणि एक दिवस वीज जाऊन येईल, दार बंद असेल, बोर्ड उठणारच नाही. ४, ५, १२, १३, १४ या पिना निर्धोक. नोडएमसीयू या ईएसपी८२६६ च्या बोर्डवर त्या डी२, डी१, डी६, डी७ आणि डी५ अशा छापलेल्या असतात.

हालचाल ओळखणारे पीआयआर सेन्सर उष्णतेतला बदल पाहतात. खिडकीतून येणारं ऊन आणि मांजर, दोघांनाही ते चोर समजतात. त्यांच्या एकट्याच्या साक्षीवर सायरन वाजवू नका. दाराचा निरोप आणि थोड्या वेळात पीआयआरचा, अशी जोडी धरा.

७. अलार्मचं डोकं

नोड-रेडमध्ये अलार्मच्या पाच अवस्था करा: बंद, बाहेर पडण्याची मुदत, सज्ज, आत येण्याची मुदत, वाजतोय. बाहेर पडायला ४५ सेकंद, आत येऊन पिन दाबायला ३० सेकंद ठीक असतात. पिनचं पॅड नोड-रेडच्या डॅशबोर्डवर बनतं आणि तेच फोनच्या पडद्यावर कायम उघडं ठेवायचं. अँड्रॉइडच्या स्क्रीन पिनिंगने मुलांना चुकून दुसरीकडे जाता येत नाही.

सज्ज असलेली अवस्था फक्त मेमरीत ठेवू नका. फोन मध्येच रीस्टार्ट झाला तर नोड-रेड सगळं विसरून 'बंद' अवस्थेत उठेल. अवस्था मॉस्किटोवर 'रिटेन' (जपून ठेवायचा) निरोप म्हणून ठेवा आणि मॉस्किटोचं पर्सिस्टन्स, म्हणजे निरोप फाइलमध्ये साठवणं, चालू करा, किंवा नोड-रेडचा कॉन्टेक्स्ट (त्याची आठवण) फाइलमध्ये साठवा.

सायरन बंद होण्याची जबाबदारी फोनवर ठेवू नका. सायरन जोडलेल्या टासमोटाच्या रिलेवर 'पल्सटाइम' नावाची सेटिंग आहे. तिथे २८० भरलं की रिले १८० सेकंदांनी आपोआप सुटतो. ११२ आणि पुढच्या आकड्यांत १०० वजा करून सेकंद मोजतात, अशी त्यांची तऱ्हा आहे. फोन त्याच क्षणी हँग झाला तरी शेजारी रात्रभर जागे राहणार नाहीत.

एसएमएससाठी नोड-रेडच्या एक्झेक (आज्ञा चालवणाऱ्या) नोडमधून टर्मक्स-एपीआयची एसएमएसची आज्ञा चालवा. एका घटनेला एकच एसएमएस आणि त्यानंतर पाच मिनिटं गप्प, असा बांध घाला. सैल झालेला स्विच मिनिटाला वीसदा उघडझाप करतो आणि सिममधली शिल्लक उडवतो.

८. बॅटरी

कायम १०० टक्क्यांवर आणि उबेत ठेवलेली लिथियम बॅटरी लवकर फुगते. फोनमध्ये ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबवण्याची सोय असेल तर ती वापरा. नसेल तर चार्जर एका टासमोटा प्लगमध्ये लावा आणि फोनलाच स्वतःचा चार्जर सांभाळू द्या: टर्मक्स-एपीआय बॅटरीची टक्केवारी आणि तापमान देतं, ४० ला प्लग चालू, ८० ला बंद.

यात एक फास आहे. प्लग बंद असताना नोड-रेड मेलं तर फोन हळूहळू उतरत बंद पडेल, आणि पूर्ण उतरलेला फोन चार्जिंग मिळाल्यावर बहुधा आपण होऊन सुरू होत नाही. म्हणून प्लगमध्येच, फोनवर अवलंबून नसलेला, रोज दोन तास चालू होण्याचा टायमर लावा आणि वीज परत आल्यावर प्लग 'चालू' स्थितीत उठेल असं ठेवा. फोन बंद कपाटात किंवा उन्हाच्या भिंतीवर नको.

९. पहारेकऱ्यावर पहारा

एमक्यूटीटीमध्ये 'लास्ट विल' म्हणजे मृत्युपत्र असतं: उपकरण जोडतानाच मॉस्किटोकडे निरोप ठेवतं की मी गप्प झालो तर हे जाहीर कर. टासमोटाचा नेहमीचा किपअलाइव्ह (जिवंत असल्याची खूण देण्याचा अवधी) ३० सेकंदांचा आहे, आणि मॉस्किटो त्याच्या दीडपट वाट पाहतो. म्हणजे मेलेला सेन्सर पाऊण मिनिटात कळतो. सज्ज अवस्थेत दाराचा बोर्ड असा गप्प झाला तर त्याला दार उघडल्याइतकंच गंभीर माना. चार्जरचा प्लग गप्प झाला आणि राउटर चालू असेल, तर बहुधा घरातली वीज गेली आहे. त्याचा एक एसएमएस पुरे.

फोनच मेला तर? सायरनच्या बोर्डवर दुसऱ्या पिनला एक छोटा बझर लावा आणि टासमोटात रूल लिहा की पहिला रूल-टायमर संपला की बझर वाजव. फोन दर मिनिटाला तो टायमर पुन्हा १८० वर नेतो. फोन गप्प, की तीन मिनिटांत बझर. तुम्ही घरी नसाल तेव्हासाठी हेल्थचेक्स.आयओसारखी सेवा आहे: फोन तिला ठरावीक वेळाने हाक मारतो आणि हाक थांबली की ती तुम्हाला मेल करते.

१०. बाहेरून प्रवेश

राउटरवर १८८० किंवा १८८३ पोर्ट इंटरनेटला उघडू नका. जुन्या फोनला सुरक्षेचे अपडेट मिळत नाहीत, हे विसरून चालणार नाही. वायरगार्ड किंवा टेलस्केलसारख्या व्हीपीएनमधून आत या.

११. तपासणी

दिवसाढवळ्या, शेजाऱ्यांना सांगून, अलार्म सज्ज करा आणि एकेक गोष्ट मोडा. दाराची तार काढा. राउटर बंद करा. मुख्य स्विच पाडा. टर्मक्स जबरदस्तीने थांबवा. प्रत्येक वेळी बझर, सायरन, एसएमएस किंवा मेल यांपैकी काहीतरी तुमच्यापर्यंत पोचलं पाहिजे. सिमचा रिचार्ज संपण्याची तारीख कॅलेंडरमध्ये टाका, आणि महिन्यातून एकदा हीच तपासणी बॅटरीच्या फुगवट्याकडे नजर टाकून करा. गॅस आणि हीटर या यंत्रणेला जोडू नका. धूर ओळखणारा अलार्म स्वतःच्या बॅटरीवर चालणारा, वेगळाच असू द्या.