चित्रकला येत नसताना ॲनिमेशन: सुरुवात चेंडूपासून

ॲनिमेशन शिकायचं म्हटलं की चित्रकलेची धास्ती आधी वाटते. पण वस्तू नेमक्या कोणत्या क्षणी कुठे असावी, हे ठरवण्याचं काम चित्रकलेपेक्षा वेगळं आहे. त्रिमितीय सॉफ्टवेअरमध्ये चेंडू, ठोकळा, अगदी अख्खा माणूससुद्धा तयार मिळतो. तो हलवायचा कसा याचा बराचसा भाग वेळेच्या हिशोबाचा असतो, आणि तो हिशोब कुणालाही शिकता येतो.

सॉफ्टवेअर ब्लेंडर घ्या. ते मोफत आहे आणि पुढे कितीही शिकलात तरी अपुरं पडत नाही. चाकाचा, तीन बटणांचा माऊस हवाच. टचपॅडवर दृश्य फिरवताना वैताग येतो आणि तिथेच पुष्कळांचं शिकणं थांबतं. व्हिडिओ पाहून शिकणार असाल तर २०१९ मध्ये आलेल्या २.८० आवृत्तीच्या आधीचे टाळा. त्या आवृत्तीत मांडणी पार बदलली, त्यामुळे जुन्या व्हिडिओतली बटणं तुम्हाला सापडणारच नाहीत.

आणि पहिल्याच आठवड्यात स्वतःचं पात्र घडवायला बसू नका. मॉडेलिंग हा स्वतंत्र विषय आहे. महिनाभर नाक-डोळे नीट करण्यात जातो आणि हालचाल एक सेकंदाचीही होत नाही. त्याऐवजी चेंडूचे टप्पे करा.

ब्लेंडरमध्ये मुळात सेकंदाला २४ फ्रेम, म्हणजे एकामागून एक दिसणारी स्थिर चित्रं, असतात. वरून सोडलेली वस्तू अर्ध्या सेकंदात, म्हणजे १२ फ्रेममध्ये, साधारण १.२ मीटर खाली येते. प्रत्येक टप्प्यात वर जायला (आणि तेवढाच खाली यायला) लागणारा वेळ आधी खाली येताना लागलेल्या वेळेच्या पाऊणपट धरला, तर उंची निम्म्याहून थोडी जास्त उरते. एवढ्यावर सगळे आकडे निघतात.

सुरुवातीचा ठोकळा काढून टाका. ॲड मेनूतून यूव्ही स्फिअर (गोळा) आणा आणि लगेच डाव्या कोपऱ्यात खाली उघडणाऱ्या चौकटीत त्रिज्या ०.१ मीटर करा. 'एन' दाबलं की उजवीकडे लोकेशनचे आकडे दिसतील. त्यातला झेड म्हणजे चेंडूच्या केंद्राची उंची, म्हणून जमिनीला टेकलेला असताना तो ०.१ असतो. टाइमलाइनवर, म्हणजे खालच्या फ्रेमच्या पट्टीवर, पुढच्या फ्रेमना झेड असा ठेवा: १ वर १.३, १३ वर ०.१, २२ वर ०.८, ३१ वर ०.१, ३८ वर ०.५, ४५ वर ०.१, ५० वर ०.३, ५५ वर ०.१. दर वेळी आधी फ्रेम बदला, मग आकडा लिहा, मग त्या आकड्यावर उजवी क्लिक करून 'इन्सर्ट सिंगल कीफ्रेम' निवडा. रकाना पिवळा झाला म्हणजे कीफ्रेम, म्हणजे त्या फ्रेमवरच्या आकड्याची नोंद, बसली. नारिंगी राहिला तर आकडा बदललाय पण नोंदला गेलेला नाही. तसंच पुढच्या फ्रेमवर गेलात तर बदल उडून जातो. शेवटची फ्रेम ५५ करा आणि स्पेसबार दाबा.

चेंडू पाण्यात बुडतोय असा दिसेल. यात चूक तुमची नाही. ब्लेंडर प्रत्येक कीफ्रेमजवळ गती आपणहून मंदावतो. वर ते हवंच असतं, जमिनीवर नको असतं. ग्राफ एडिटर उघडा (तिथे उंचीचा वक्र दिसतो), जमिनीवरचे चारही बिंदू (१३, ३१, ४५, ५५) निवडा, 'व्ही' दाबून हँडल (बिंदूपाशी वक्राला वळण देणाऱ्या दांड्या) व्हेक्टर करा. वक्राची वरची कमान गोल आणि खालचं टोक अणकुचीदार दिसलं पाहिजे. तरीही टप्पा मऊ वाटला तर खालची हँडल आणखी उभी ओढा. चेंडू पुढे सरकवायचा असेल तर एक्सला (आडव्या जागेच्या आकड्याला) फक्त १ आणि ५५ वर कीफ्रेम द्या आणि 'टी' दाबून त्याची रेषा लिनियर, म्हणजे सरळ, करा.

दुसरा फसवा प्रकार म्हणजे मंद संगणक. तो प्रत्येक फ्रेम दाखवत बसतो, एका सेकंदाची हालचाल दोन सेकंद चालते, आणि तुम्ही बरोबर असलेले आकडे बिघडवता. प्लेबॅकच्या मेनूत सिंक 'फ्रेम ड्रॉपिंग' करा, मगच वेळेबद्दल मत बनवा.

चेंडू दबताना दाखवायचा असेल तर १३ व्या फ्रेमवर स्केल (आकाराचं प्रमाण) झेडला ०.८, एक्स-वायला १.१२ द्या, आकारमान जवळपास तेवढंच राहतं. मात्र १२ आणि १४ वर स्केल १ ची कीफ्रेम हवी, नाहीतर चेंडू हवेतच चपटा व्हायला लागतो. शिवाय दबल्यावर तो जमिनीपासून किंचित उचललेला दिसेल, कारण स्केल केंद्रापासून होतं. तिथे लोकेशनचा झेड ०.०८ करा.

यापुढे आकडे सूत्रातून मिळत नाहीत, तेव्हा फोनवर व्हिडिओ घ्या आणि फ्रेम मोजा. फोन सहसा सेकंदाला ३० फ्रेम घेतो, म्हणून मोजलेल्या आकड्याला ०.८ ने गुणा. लोलक, उघडणारं दार, घरंगळून थांबणारा डबा असं चार-पाच वेळा केलंत की नजर बसते.

मग माणसाची चाल. ब्लेंडर स्टुडिओच्या संकेतस्थळावर रेन, स्नो अशी सांगाडा बसवलेली तयार पात्रं आहेत. एका पावलाला १२ फ्रेम धरा. पाय टेकलेला १ वर, शरीर सर्वांत खाली ४ वर, दुसरा पाय जवळून जाताना ७ वर, सर्वांत उंच १० वर, पुढचा पाय टेकलेला १३ वर. दुसरं पाऊल याचंच उलटं. २५ वी फ्रेम १ ची हुबेहूब नक्कल असावी, पण टाइमलाइन २४ वर संपवा. २५ पर्यंत चालवलीत तर तीच मुद्रा दोनदा येते आणि प्रत्येक फेरीला चाल अडखळते.

सरावासाठी रेंडरची, म्हणजे अंतिम दर्जाची चित्रं तयार करण्याची, गरज नाही. व्ह्यू मेनूतलं 'व्ह्यूपोर्ट रेंडर' पुरतं. खरंच रेंडर करायचं ठरलं तर ईव्ही हा ब्लेंडरमधला जलद पर्याय वापरा. सायकल्स या संथ पर्यायामध्ये एका फ्रेमला दोन मिनिटं लागली तर ५५ फ्रेमचे ११० मिनिटं होतात. थेट व्हिडिओ न बनवता पीएनजी चित्रांची मालिका काढा. ४० व्या फ्रेमला वीज गेली तर आधीच्या ३९ शाबूत राहतात आणि पुढून सुरू करता येतं.