कामावर निघण्यापूर्वीचा तास

मन न रमणारी नोकरी केवळ पगारासाठी करावी लागत असेल, तर लेखन, चित्रकला किंवा संगीत यांना दिवसाचा उरलासुरला वेळ न देता कामावर निघण्यापूर्वीचा तास राखून ठेवावा; कारण संध्याकाळी हाती वेळ असला, तरी दिवसभर राबून शिणलेले डोके नव्या कल्पनेला सहसा साथ देत नाही. इंग्रज कादंबरीकार अँथनी ट्रॉलप १८३४ ते १८६७ या काळात टपाल खात्यात नोकरीला होते आणि पहाटे साडेपाचला, घड्याळ समोर ठेवून, दर पंधरा मिनिटांना २५० शब्द या वेगाने लिहिण्याची सवय त्यांनी स्वतःला लावून घेतली होती. हा वेग प्रत्येकाला झेपणार नाही आणि त्याची गरजही नाही. घेण्यासारखी आहे ती ठरलेली वेळ. तो तास आठवण्यातच जाऊ नये म्हणून आदल्या दिवशी थांबताना पुढची पायरी वहीत एका ओळीत लिहून ठेवावी: ‘दुसऱ्या प्रसंगातले आईचे उत्तर बदलायचे’ इतकी नेमकी, ‘कथा पुढे न्यायची’ अशी मोघम नव्हे. याखेरीज फावल्या वेळेतील निर्मितीच्या हक्कांविषयी नोकरीच्या करारात काही अट आहे का, हे नीट वाचून घ्यावे आणि कार्यालयाचा संगणक या कामासाठी मुळीच वापरू नये.