गंबांग क्रोमोंगसाठी तेह्यान सुरात लावताना

गंबांग क्रोमोंग या जाकार्ताच्या बेतावी (तिथल्या स्थानिक समाजाच्या) वाद्यवृंदात नारळाच्या करवंटीचं, दोन तारांचं, गजाने वाजवायचं चिनी तेह्यान आणि जावा-सुंदा वळणाची गाँगवाद्यं एकत्र वाजतात. गंबांगच्या १८ लाकडी पट्ट्या आणि क्रोमोंगच्या १० छोट्या गाँगचे सूर ठरलेले असतात, म्हणून तेह्यान त्यांच्याशी जुळवा, ट्यूनरशी (सूर मोजणाऱ्या यंत्राशी) नव्हे. त्यांची पाच सुरांची स्वरमाला पियानोशी तंतोतंत जुळत नाही.

गजाचे केस दोन तारांच्या मधून जातात. आतल्या तारेसाठी ते अंगाकडे दाबा, बाहेरच्या तारेसाठी पुढे. केसांना राळ कमी पडली तर गज घसरतो. तारांच्या मागे फिंगरबोर्ड (बोटं टेकवायची पट्टी) नाही. बोट जोरात दाबलं की सूर चढतो, आणि नवशिक्यांचं बहुतेक बेसूरपण इथूनच येतं. तेह्यानच्याच जातीचं लहान कोंगाह्यान उंच सुरात, मोठं सुकोंग खर्जात वाजतं.