शेल्टरमधला गरीब स्वभावाचा मेंढपाळी कुत्रा घरी आणताना

पिंजऱ्याच्या मागच्या कोपऱ्यात मुकाट बसलेला, हात लावला तरी न हलणारा तरुण कुत्रा दिसला की लोक लगेच म्हणतात, "किती गरीब आहे हो!" मी त्यांना जरा थांबायला सांगते. सुट्टीच्या दिवशी मी शेल्टरमधली कुत्री फिरवायला नेते, आणि माझ्या घरची कुत्री तांबी ही कोली (मेंढ्या हाकणारी एक जात) व आणखी कशाकशाची मिसळ आहे. स्वभावाने गरीब असणं आणि भीतीनं थिजून जाणं, पिंजऱ्याच्या जाळीतून दोन्ही सारखंच दिसतं. मेंढपाळी वंशाची कुत्री आवाजाला आणि हालचालीला फार चटकन प्रतिसाद देणारी, त्यामुळे शेल्टरच्या गोंगाटात ती सगळ्यात आधी मिटून जातात.

म्हणून कुत्र्याला आधी शांत जागी आणून द्यायला सांगा. त्याच्याकडे जरा पाठ करून जमिनीवर बसा, टक लावून बघू नका, हाका मारू नका. तो आपणहून आला तर छातीवर किंवा खांद्यावर दोन-तीन सेकंद खाजवा आणि हात काढून घ्या. यातच बरंच कळतं. अंग सैल सोडून तो पुन्हा जवळ सरकला, नाकानं हात ढोसला, तर त्याला माणूस हवा आहे. ओठ चाटत राहिला, जांभया दिल्या, डोळ्यांचा पांढरा भाग दाखवत मान वळवली, शेपूट पोटाखाली घेतली, तर तो फक्त सहन करतोय. खाऊ पुढे केला तरी घेत नसेल तर तो घाबरलेला असू शकतो. घाबरलेला कुत्रा घेऊच नये असं माझं म्हणणं नाही. त्याच्या स्वभावाबद्दल आज काहीच ठरवता येत नाही, एवढं जाणून घ्या आणि दुसऱ्या दिवशी परत जा. घरातल्या सगळ्यांना न्या. घरी आधीचा कुत्रा असेल तर दोघांची भेट बाहेर, मोकळ्या जागी, पट्टा ढिला ठेवून घडवा.

पिंजऱ्यावरच्या पाटीवर लिहिलेल्या जातीवर विसंबू नका. बहुतेक वेळा तो रूपावरून केलेला अंदाज असतो आणि मिश्र कुत्र्यांत तो पुष्कळदा चुकतो. त्याऐवजी रोज खायला घालणाऱ्या माणसाला विचारा: पंजे धरू देतो का, अनोळखी माणसाला कसा भेटतो, लहान मुलं पाहिली आहेत का, सायकल गेली की काय करतो?

शेवटचा प्रश्न मी कधीच सोडत नाही. कळप हाकणं ही मुळात शिकारच आहे. रोखून बघणं, दबकत जाणं, वळसा घालणं, पाठलाग करणं माणसानं निवडून वाढवलं आणि शेवटचा घास घेणं मागे टाकलं. बॉर्डर कोली नजरेनं मेंढी थोपवतो, कॅटल डॉग गुरांच्या टाचेला चावा घेतो. घरात मेंढ्या नसल्या तरी धावणारी मुलं असतात, गाड्या असतात. अतिशय प्रेमळ कुत्रासुद्धा पळणाऱ्या मुलाच्या पोटरीला दात लावू शकतो. त्याला दुष्ट ठरवू नका, आणि चालवूनही घेऊ नका. मुलांना जागीच थांबायला शिकवा, कुत्र्याला हाकेसरशी परत यायला शिकवा, आणि सुरुवातीला मुलांचा पळापळीचा खेळ चालू असताना तो पट्ट्यावर किंवा दुसऱ्या खोलीत असू द्या.

आता औषधांचं, आणि हे नीट वाचा. कोली, ऑस्ट्रेलियन शेफर्ड, शेटलँड शीपडॉग आणि त्यांच्या मिश्र पिल्लांत एमडीआर-१ नावाच्या जनुकात दोष असू शकतो. वॉशिंग्टन स्टेट युनिव्हर्सिटीतल्या संशोधकांनी २००१ साली तो दाखवून दिला. काही औषधं मेंदूत शिरू न देणारा पंप या कुत्र्यांत नीट चालत नाही. हृदयातल्या जंतांपासून बचावासाठी आयव्हरमेक्टिनची जी अल्प मात्रा देतात ती त्यांना चालते. खरजेसाठी दिली जाणारी मोठी मात्रा जिवावर बेतू शकते. जुलाबावरचं माणसांचं लोपरामाइड घरच्या घरी कधीही देऊ नका. गुंगीच्या काही औषधांची मात्राही कमी करावी लागते. गालाच्या आतून बोळा फिरवून घेतलेल्या नमुन्यावर याची चाचणी होते. नसबंदी व्हायची असेल तर चाचणी त्याआधी करून घ्या, निकाल व्हेटच्या, म्हणजे प्राण्यांच्या डॉक्टरांच्या, कागदांवर लिहून ठेवायला सांगा. अंगावर मर्ल रंग, म्हणजे फिकट अंगावर गडद, वेडेवाकडे ठिपके असून पांढरा भाग फार असेल, तर ऐकू आणि दिसू नीट येतं का तेही तपासून घ्या. लसी आणि जंतनाशकाच्या नोंदी शेल्टरकडून मागून घ्याच.

घरी आणल्यावर पहिले काही दिवस पाहुणे नकोत, आंघोळ नको, गावभर फिरवणं नको. एक खोली, एक अंथरूण, ठरलेल्या वेळा. शेल्टरमधली माणसं तीन दिवस, तीन आठवडे, तीन महिने असा ढोबळ हिशेब सांगतात: आधी भीती उतरते, मग घराची लय कळते, मग खरा स्वभाव दिसतो. कुत्रा पळून जाण्याचा धोका सुरुवातीलाच सर्वांत जास्त, म्हणून हार्नेस (छातीभोवतीचा पट्टा) आणि गळपट्टा दोन्ही घाला, गळ्यात फोन नंबर असू द्या, मायक्रोचिप (कातडीखाली बसवलेली ओळखीची चिप) असेल तर ती तुमच्या नावावर करून घ्या.

त्याला दमवण्यासाठी नुसतं पळवत राहू नका. अंगात दम वाढत जातो आणि मागणीही. डोक्याला काम द्या: गवतात खाऊ शोधायला लावा, फिरताना मनसोक्त वास घेऊ द्या, खेळण्यांची नावं शिकवा. चेसर नावाच्या बॉर्डर कोली कुत्रीनं हजाराहून जास्त खेळण्यांची नावं शिकली होती. तांबीला चार-पाचच येतात, पण पाच मिनिटं ती नावं ओळखण्याचा खेळ झाला की ती समाधानानं पाय ताणून झोपते. लेझरचा ठिपका मात्र कधीच दाखवू नका; या कुत्र्यांना सावल्यांच्या आणि उजेडाच्या मागे लागण्याचं वेड लवकर लागतं आणि ते सोडवणं फार अवघड जातं.

तो आपणहून आडवा झाला, उसासा टाकला, तर खाऊचा तुकडा हळूच पंजांमध्ये ठेवा आणि काही न बोलता निघून जा. दिवसातून बऱ्याचदा करा. स्वस्थ बसण्याचंही बक्षीस मिळतं हे त्याला कोणी सांगितलेलं नसतं. आणि तो कधी गुरगुरला तर ओरडू नका, मागे सरा आणि कशावरून गुरगुरला ते लिहून ठेवा. गुरगुरणं दाबलं तर पुढच्या वेळी तो सूचना न देताच चावू शकतो. ती नोंद घेऊन कुत्र्यांच्या वर्तनाची जाण असलेल्या व्हेटकडे किंवा मारहाण न करता शिकवणाऱ्या ट्रेनरकडे जा.