अर्धी भाकरी कायमची
लो कार्ब, म्हणजे भात-भाकरी-साखरेतली कार्बोहायड्रेट (कार्ब) कमी खाणं, महिनाभर करून सोडायचं असेल तर सुरूच करू नका, कारण उतरलेलं वजन परत येतंच, सवय तीच राहते ना. आमच्या सांगलीत लोक चपाती सोडून ज्वारीची भाकरी धरतात आणि म्हणतात झालं डाएट, पण ज्वारीच्या १०० ग्रॅम पिठातही ७० ग्रॅमच्या आसपास कार्ब असतात, गव्हाएवढेच जवळजवळ. भाकरी चांगलीच आहे हो, फायबर असतं, पण तीन खाल्ल्या तर तीनच.

म्हणून ताट उलटं वाढा. आधी भाजी, म्हणजे मेथी, वांग्याचं भरीत, दोडका, दोन वाट्या भरून, मग अंडी, पनीर किंवा चिकन, आणि शेवटी अर्धी भाकरी. भात रोज नको, रविवारी रश्श्याबरोबर थोडा खा, मन मारून कुणी वर्षभर टिकत नाही. अख्खा मसूर असेल त्या दिवशी भाकरी अजून कमी, मसुरातही कार्ब आहेतच. आणि बेदाणे! तासगावचे म्हणून येताजाता मूठभर तोंडात टाकतो आपण, त्यात निम्म्याहून जास्त साखरच असते, त्याऐवजी भाजलेले शेंगदाणे खिशात ठेवा.

लग्नात जेवलात तर जेवलात, दुसऱ्या दिवशी उपास धरू नका, नेहमीचं ताट घ्या.

शुगरची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर मात्र आधी डॉक्टरांना विचारा, डोस तोच ठेवून कार्ब कमी केले तर शुगर एकदम खाली जाऊ शकते.