खान्देशातील गच्चीवर टिकी बार कसा उभारावा

अमेरिकेत १९३०च्या दशकात अर्नेस्ट गँट यांनी हॉलिवूडमध्ये आणि व्हिक्टर बर्जेरॉन यांनी ओकलंडमध्ये बांबू, गवती छप्पर आणि रम-लिंबाची पेये यांच्या आधारे पॉलिनेशियन बेटांची आठवण करून देणारी मद्यपानगृहे सुरू केली आणि त्यातूनच पुढे टिकी बार ही शैली रूढ झाली. जळगाव, धुळे किंवा नंदुरबारच्या घरात असा कोपरा उभारायचा झाल्यास त्यासाठी लागणारे साहित्य बहुतांशी आपल्या अवतीभोवतीच मिळते. बांबू सातपुड्याच्या पायथ्याला मिळतो, छपरासाठी उसाचे पाचट आहे, आडोशासाठी तुराट्या आहेत आणि केळी तर आपलीच आहे. माझ्या मते या कामात पैशापेक्षा बांबूची तयारी आणि वाऱ्याचा विचार महत्त्वाचा असून, या दोन गोष्टी नीट केल्या की बाकीचे सोपे जाते.

जागा निवडताना मावळतीचे ऊन प्रथम पाहावे. एप्रिल-मे महिन्यांत भुसावळ-जळगावकडे पारा ४५ अंशांपर्यंत जातो आणि सूर्य मावळल्यावरही स्लॅब बराच वेळ तापलेला राहतो. म्हणून पश्चिमेकडे तुराट्यांची ताटी उभी करावी, बसण्याची बाजू पूर्वेला किंवा उत्तरेला ठेवावी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास गच्चीवर पाणी शिंपडावे. आपल्याकडे धाब्यावर, म्हणजे घराच्या सपाट छतावर, अंथरूण टाकण्यापूर्वी पिढ्यान्‌पिढ्या हेच केले जाते. छपराचे खांब रोवण्यासाठी गच्चीला भोके पाडू नयेत, कारण तेथूनच पावसाळ्यात गळती सुरू होते. त्याऐवजी वीस लिटरच्या चार डब्यांत काँक्रीट भरून प्रत्येकात एक लोखंडी पाइप रोवावा आणि बांबू त्या पाइपला नटबोल्टने आवळावा. बांबूचा तळ जमिनीपासून चार बोटे वर राहिला पाहिजे, म्हणजे तो ओलाव्याने कुजत नाही. भरलेल्या एका डब्याचे वजन पंचेचाळीस किलोच्या वर जाते. तेवढ्यानेही निश्चिंत न होता चारही खांब कठड्याला तारेने बांधावेत, कारण मे-जूनच्या ज्या वावटळीत रावेर-यावलच्या केळीच्या बागा आडव्या होतात, ती गवती छपरालाही सोडत नाही.

आता बांबूविषयी सविस्तर सांगतो, कारण येथे मी स्वतः चूक केली होती. पहिल्या वेळी बाजारातून आणलेले बांबू मी तसेच बांधले. वर्षभराने एका सकाळी खांबाच्या पायथ्याशी पिठासारखा पिवळसर भुगा साचलेला दिसला, आणि वर पाहिले तर बांबूला टाचणीच्या टोकाएवढी भोके पडलेली होती. बोटाने दाबताच एका पेराची भिंत आत गेली. ते सर्व बांबू मला टाकून द्यावे लागले. बांबूतील पिष्टमय द्रव्य हे भुंगेऱ्याचे खाद्य असते. म्हणून किमान तीन वर्षांचा, पावसाळा संपल्यानंतर तोडलेला बांबू मागावा. कोवळ्या बांबूत हे द्रव्य अधिक असते आणि तो लवकर पोखरला जातो. सातपुड्यातील मानवेल जवळजवळ भरीव आणि चिवट असल्याने खांबांसाठी उत्तम आहे, तर मधल्या आडव्या पट्ट्यांसाठी पोकळ बांबू चालतो.

बांबू आणल्यावर भुंगेरा लागू नये म्हणून गच्चीखाली अंगणात लांब खड्डा खणून त्यात जाड ताडपत्री अंथरावी. शंभर लिटर पाण्यात तीन किलो बोरॅक्स आणि दोन किलो बोरिक ॲसिड विरघळवावे, प्रत्येक पेरात बारीक भोक पाडावे आणि बांबू पूर्णपणे बुडतील असे दगड ठेवून दहा ते चौदा दिवस भिजत ठेवावेत. या द्रावणात हात घालताना हातमोजे वापरावेत, मुले व जनावरे त्यापासून दूर ठेवावीत आणि उरलेले द्रावण विहिरीजवळ किंवा शेतात ओतू नये. त्यानंतर बांबू सावलीत उभे करून निदान दोन आठवडे वाळवावेत. उन्हात टाकल्यास ते तडकतात. पावसाने बांबूत मुरलेले बोरॅक्सचे द्रावण धुऊन निघते, म्हणून वरून वॉर्निशचे दोन हात द्यावेत. जोडकामासाठी गावातील बुरूड कारागिरास बोलावणे हेच शहाणपणाचे. खिळा ठोकण्याआधी भोक पाडावे लागते आणि खाच कुठे घ्यावी, हे त्यांना नेमके ठाऊक असते. सांध्यांवर काथ्याची दोरी घट्ट गुंडाळावी.

छपरासाठी पाचटाचे किंवा गवताचे चार सुटे ताटवे करावेत आणि मृगाच्या आधी ते उतरवून खालच्या खोलीत उभे ठेवावेत. गवताजवळ मशाल, मेणबत्ती किंवा उघडा दिवा कदापि लावू नये. एलईडीच्या पिवळ्या माळा पुरेशा होतात. मात्र बाहेरची वीजजोडणी आरसीसीबीमार्फतच (गळती होताच वीज तोडणाऱ्या स्विचमार्फत) घ्यावी आणि पाण्याची बादली हाताशी ठेवावी.

ओट्याची उंची एकशेपाच सेंटिमीटर आणि स्टुलांची पंचाहत्तर असावी, म्हणजे गुडघ्यांना जागा मिळते. वरच्या फळीसाठी जुन्या वाड्याचे सागवानी दार मिळाल्यास घ्यावे. त्याच्या कड्याकोयंड्यांच्या खुणा तशाच राहू द्याव्यात. लिंबू आणि पाक सांडून लाकूड काळे पडते, म्हणून पॉलियुरेथेनचे तीन हात आवश्यक आहेत. शेजारी अर्ध्या ड्रममध्ये केळीचे झाड लावावे. बसराई ही ठेंगणी जात गच्चीला योग्य आहे, परंतु ओल्या मातीचे वजन फार असल्याने ड्रम भिंतीच्या किंवा बीमच्या वर ठेवावा.

सजावटीसाठी पॉलिनेशियन मुखवटे विकत घेण्याचा मोह होतो, तो टाळावा असे मला वाटते. माओरी परंपरेत टिकी हे आद्य पुरुषाचे नाव आहे. आपल्या देवाची मूर्ती आपण मद्याच्या ओट्यावर ठेवत नाही, मग दुसऱ्याच्या पूर्वजाची का ठेवावी? आपल्याच भिल्ल-पावरा बांधवांच्या देवतांबाबतही हाच विचार लागू होतो. टोपल्या, करवंट्यांचे दिवे आणि बांबूच्या नळ्यांचे पेले पुरेसे शोभून दिसतात.

महाराष्ट्रात घरी मद्य प्यायलाही परवाना लागतो आणि रमसारख्या मद्यासाठी वयाची २५ वर्षे पूर्ण असावी लागतात. पाहुण्यांकडून पैसे घेणे म्हणजे विक्रीच होय.

पेयांपैकी माय ताय हे बर्जेरॉन यांनी १९४४ मध्ये सिद्ध केले. त्यात ६० मिलि मुरलेली रम, १५ मिलि ऑरेंज कुरासाओ (संत्र्याच्या सालीचे गोड मद्य), एका मोठ्या लिंबाचा रस आणि प्रत्येकी साडेसात मिलि बदाम-पाक व साखरेचा पाक असतो. बदाम-पाक घरीच करावा: दोनशे ग्रॅम बदाम रात्रभर भिजवून, सोलून, चारशे मिलि पाण्यात बारीक वाटावेत आणि धुतलेल्या मलमलच्या फडक्यातून पिळावेत. पिळताना फडक्याच्या विणीतून पांढरे दूध थेंबाथेंबाने येते. घाई केली तर चोथा निसटतो आणि पाक रवाळ होतो. मग त्या दुधाच्या वजनाइतकी साखर मंद आचेवर विरघळवून, थंड झाल्यावर थोडे गुलाबपाणी घालावे. हा पाक फ्रिजमध्ये ठेवून आठवड्याभरात संपवावा. जे मद्य घेत नाहीत त्यांना हाच पाक, लिंबू, संत्र्याचा रस आणि सोडा असे पेय द्यावे. माझ्याकडे त्यालाच अधिक मागणी असते.

बर्फ घरीच उकळून गार केलेल्या पाण्याचा लावावा, जाड फडक्यात गुंडाळून मुसळीने ठेचावा आणि पेल्यात काठोकाठ भरावा. पेय ओतल्यावर पिळलेल्या लिंबाची अर्धी वाटी पालथी घालून तिच्या शेजारी पुदिन्याची ताजी काडी खोचावी.